डोंगेघाटच्या चुंबळी

या जी, इकडून या. त्या काठाला शेवाळ आहे, पाय सरकेल. आणि त्या कोनाड्यातल्या कापडांना हात लावू नका, फोटो काय तो लांबून काढा. नाही, देव नाही इथं. देव असता तर मी तुम्हाला चपला काढायला लावल्या असत्या आणि वर नारळही फोडायला लावला असता. पण हात लावायचा नाही. मीसुद्धा लावत नाही, आणि मी याच गावात जन्मलो, आता सत्तरी उलटली माझी.

मी कवडू मारबते, जातीनं ढिवर, म्हणजे नदीवर मासे धरणारे आम्ही. बोली जरा आवरून बोलतो तुमच्यासाठी, नाहीतर तुम्ही नुसते माना डोलवाल आणि परत जाऊन भलतंच काही लिहाल.

हा दगडी हौद पाहून निम्मे लोक विचारतात की राणीचं न्हाणीघर होतं का. राणी कशाला येते बाप्पा इथं न्हायला. हा नावा उतरवायचा हौद आहे. ती समोर वैनगंगा पाहा. मधोमध काळा खडक दिसतो ना, या काठापासून त्या काठापर्यंत? त्याला आम्ही करवत म्हणतो. करवतीच्या वर पाणी संथ, खाली पाणी संथ, आणि मधे तीन माणसं उंच उतार. पावसाळ्यात खडक बुडतो, तेव्हा तर कोणी जवळही जात नाही. बाकीच्या दिवसांत त्यातून नाव घातली की फळ्या खाली मिळायच्या.

आणि नदी तर मोठी वाट होती त्या काळी. वरून सागवान, मोह, लाख, कापूस नावांत भरायचे आणि वैनगंगेतून पुढच्या नद्यांनी थेट समुद्रापर्यंत न्यायचे, असं सांगतात. सगळ्या नावा इथं करवतीशी येऊन अडायच्या. मग काय करायचं? डोंगेघाटच्या ढिवरांना हाक मारायची. आमच्या लोकांनी माल उतरवायचा, नावेखाली लांब वाशांच्या बल्ल्या घालायच्या आणि नाव खांद्यावर घेऊन या खडकावरून सहाशे पावलं चालत खाली न्यायची. नावेत कोणी अंमलदार बसला असेल, तर तो म्हणे उतरायचासुद्धा नाही. बसल्या माणसासकट नाव उचलायची. वेठच होती ती. नाही म्हणायची सोय नव्हती.

लटारू ढिवराचा बाप असाच गेला. पाय घसरला, वरची नाव छातीवर आली. नावेत बसलेल्या माणसानं म्हणे खाली वाकून पाहिलं आणि दुसरा खांदा लावा म्हणाला. लटारू तेव्हा विशीतला होता, मागच्या बल्लीला होता. बाप खडकावर पडलेला, आणि याला नाव खाली टेकवता येईना, कारण वरचा माणूस उतरेना. बापाला ओलांडून तो सहाशे पावलं पुरी करून आला. परत आला तेव्हा बाप संपला होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढं जे झालं त्यासाठी लोक लटारूला फार बोल लावतात, आणि मलाही लटारूचा राग येतो. पण बाप ओलांडून जाणं म्हणजे काय, ते मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही.

मग सरकारनं ठरवलं की नदीला रस्ता करायचा. करवतीच्या बाजूनं कालवा खणला आणि कालव्याच्या तोंडाशी हा हौद बांधला. किती वर्षं लागली ते कोणी आठ सांगतं, कोणी बारा. तापानं माणसं पटापटा मरत आणि पुन्हा नवी आणत. शेवटी हौद झाला. त्याला दोन दारं, सागवानाची. एक वर, जिथं आपण उभे आहोत. एक खाली, ती खाच दिसते तिथं. दारांना तळाशी लोखंडी झाकणांच्या खिडक्या.

काम कसं चालायचं ते ऐका, सोपं आहे. वरून नाव आली की खालचं दार लावायचं, वरच्या दाराची खिडकी उघडायची. हौद भरत जातो. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखं झालं की वरचं दार उघडतं, नाव आत येते. मग वरचं दार लावायचं, खालची खिडकी उघडायची. पाणी उतरतं, पाण्याबरोबर नाव उतरते, खालचं दार उघडून ती निघून जाते. कोणाच्या खांद्याला काही नाही. पण एक गोष्ट. दोन्ही पाणी सारखी होईपर्यंत दार उघडत नाही. शंभर माणसं लावा, हत्ती लावा, पाणी दाराला दाबून धरतं. सारखी झाली की लहान पोर बोटानं उघडेल. पाणी सारखं झालं हे ओळखायचं कसं? हौदात दाराजवळ पळसाचं पान टाकायचं. पान फिरतंय, सरकतंय, तोवर खिडकीतून पाणी येतंय. पान थांबलं की दार उघडायचं. हे लटारूनं शोधून काढलं म्हणतात. दारावरची राखण सरकारनं त्यालाच दिली होती.

हौद सुरू झाला त्या दिवशी डोंगेघाटच्या सगळ्या पुरुषांनी आपापल्या बल्ल्या आणल्या. पिढ्यान्‌पिढ्या खांद्यांनी गुळगुळीत झालेले ते वासे. लटारूनं त्या हौदात टाकायला लावल्या, दार लावलं, पाणी उतरवलं आणि खालचं दार उघडलं. या हौदातून पहिल्यांदा कोणाची नाव उतरली नाही जी, आमच्या बल्ल्या उतरल्या. वाहत गेल्या. बायका काठावर उभ्या राहून रडल्या म्हणे, आनंदानं. तिथंच कमरेइतक्या पाण्यात उभं राहून पुरुषांनी वैनगंगेची शपथ घेतली. या खडकावर ढिवराचा खांदा पुन्हा वाकणार नाही. ना नावेखाली, ना ओझ्याखाली, ना माणसाखाली. वाकला तर नदीनं आमची जाळी रिकामी ठेवावी. शब्द लटारूचे होते, बाकीच्यांनी मागून म्हटले.

त्यात चूक काय होतं, सांगा. मी तर अजूनही म्हणतो, चांगली शपथ होती.

लटारूची एकुलती एक लेक भागरता. वरच्या अंगाला दोन दिवसांच्या वाटेवर दिली तिला. हौदातून नावा चालू होत्या तेव्हाचं लग्न. पाठवणीच्या वेळी लटारू तिला म्हणाला होता की पहिल्या बाळंतपणाला माहेरी येशील तेव्हा नावेतून पाय खाली टेकवू देणार नाही, नावेत बसूनच अंगणात ये, मी दार उघडीन. गावानं ऐकलेला शब्द आहे हा.

पुढं सरकारनंच नदी सोडून दिली. आगगाडी आली, नावेची गरज कोणाला? एक दिवस हुकूम आला, काम बंद. राखणदाराला घरी जायला सांगितलं. थोड्या दिवसांनी माणसं आली आणि खालच्या दाराचं लोखंड काढून घेऊन गेली, खिडक्यांच्या झाकणांसकट. वरच्या दाराचं बहुतेक लोखंड पाण्याखाली होतं म्हणून वाचलं. पण लटारू काही घरी गेला नाही. रोज यायचा. वरच्या दाराच्या बिजागऱ्यांना मोहाच्या बियांचं तेल लावायचा, शेवाळ खरवडायचा. लोक हसायचे. तो म्हणायचा, माझी लेक यायची आहे.

आणि आली. पौषाचा महिना होता म्हणतात. आठवा सरून नववा लागला होता. नवरा आणि दीर तिला हलक्या डोंग्यातून घेऊन निघाले, आणि वाटेतच तिच्या पोटात दुखायला लागलं. उन्हं वर आली तेव्हा डोंगा इथं, या दाराशी लागला. इथंच, तुम्ही उभ्या आहात ना ताई, त्याच्या खाली.

गावातून सुईण आली, ठकूबाई तिचं नाव. भागरतेची आई बयना आली, आणखी बायका आल्या. ठकूबाईनं तपासलं आणि तिचं तोंड उतरलं. मूल आडवं होतं. रक्त जात होतं. ती म्हणाली, "लटारू, इले पेठेत न्या, आत्ताच. माझ्या हातचं नाही रायलं हे."

खालच्या पेठेत तेव्हा एक डॉक्टरीण होती. करवतीच्या खाली गेलं की पाण्याला चांगली ओढ, नाव तासाभरात पोचवते. बैलगाडीनं जंगलातून अख्खा दिवस, आणि त्या धक्क्यांत ती उरली नसती. डोंग्यातून बाहेरही काढू नका, ठकूबाई म्हणाली, हलवली की रक्त वाढेल, आहे तशीच न्या. म्हणजे झालं काय, की डोंगा तेवढा करवतीच्या खाली जायला हवा होता. सहाशे पावलं. मधे हा हौद, नाहीतर तो खडक.

चाळीसेक पुरुष जमले होते. बापजाद्यांनी शे-दोनशे मणांच्या नावा नेल्या होत्या त्या खडकावरून. हा तर हलका डोंगा, एक बाई आत. सहा जणांनी हसतखेळत नेला असता. सगळ्यांना ते ठाऊक होतं. आणि सगळे लटारूकडं पाहत होते.

लटारू म्हणाला, हौद भरू.

मी हे लहानपणी माझ्या आजाकडून ऐकलं, तेव्हा रडून म्हटलं होतं, अरे उचला ना. आजानं मुस्काटात मारली. म्हणाला, तू कोण सांगणारा.

वरच्या दाराची खिडकी उघडली. पाणी आत आलं. पण खालच्या दाराला झाकणं कुठं होती? पाणी या बाजूनं येई आणि त्या बाजूनं जाई. मग पुरुषांनी ती भोकं बुजवायला घेतली. गवताचे भारे घातले, माती घातली, जाळी गुंडाळून घातली. अंगावरची धोतरं, फेटे, घोंगड्या, सगळं कोंबलं. पाणी चढू लागलं की एखादा बोळा सुटायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. शेवटी ढिवर पोरं पाण्यात बुड्या मारून तळाशी गेली आणि भोकांना पाठ लावून बसली. दम संपला की वर यायचं, दुसऱ्यानं जायचं. पाणी माणसाला ओढून भोकाशी चिकटवायचं. कोणाकोणाच्या पाठी सोलून निघाल्या. विचार करा जी, नदीला पाठ द्यायला तयार होते, पण खडकावर खांदा द्यायला नाही. एवढी मेहनत, एवढी माया, सगळी त्या भोकांत गेली.

लटारू इथं वर उभा. पळसाचं पान टाकून त्याच्याकडं डोळे लावून. पान फिरत होतं.

भागरता सगळं पाहत होती. शुद्धीत होती. एकदाच म्हणाली, असं सांगतात. "बाबा, उचला ना मले."

तो म्हणाला, "पान थांबलं का दार उघडते, माय. जराशीक दम धर."

बायका काठावर बसून होत्या. तुम्ही विचाराल, त्या का नाही उठल्या? मीही विचारलं होतं. त्यांनाही वाटत होतं की आता भरेल, आता उघडेल. पुरुष एवढे पाण्यात उतरलेत म्हटल्यावर होईलच. आणि नाव उचलणं हे बायकांचं काम, असं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, त्यांच्याही. सूर्य डोक्यावर आला, डोक्यावरून कलला. भागरतेचे ओठ पांढरे पडले.

तेव्हा बयना उठली. नेसत्या लुगड्याचा पदर तिनं फाडला, त्याची गुंडाळी केली आणि चुंबळ करून डोक्यावर ठेवली. आपण पाण्याची घागर घेताना ठेवतो तशी. पुरुष ओझं खांद्यावर घेतात, बाई डोक्यावर घेते. लटारू म्हणाला, काय करतेस, शपथ आहे. ती त्याच्याकडं वळली.

"शपथ तुमी घेतली," ती म्हणाली. "आमाले कोनं पुसलं होतं?"

बस, एवढंच. मग एकेक बाई उठली, एकेकीनं पदर फाडला. आठ जणी झाल्या. डोंगा पाण्यातून वर घेतला आणि चुंबळींवर ठेवला. भागरता आत, शेजारून ठकूबाई तिचा हात धरून चालतेय. आयुष्यात कधी नाव उचलली नव्हती त्यांनी, पण म्हणे एकीचाही पाय घसरला नाही. पाण्याचे हेलकावे लागावेत तेवढंसुद्धा हललं नाही. लटारू पानाजवळून हलला नाही. तो बघत राहिला बायकांकडं, आणि मग पुन्हा पानाकडं.

तो चौथरा दिसतो खडकावर, चुना लावलेला? तिथं निम्मी वाट होते. तिथं ठकूबाई म्हणाली, ठेवा.

आठ जणींनी डोंगा हळूच खाली ठेवला. बयनानं लेकीचं तोंड पुसलं. तिला अजून वाटत होतं की जरा टेकलो आहोत, पुन्हा उचलायचं आहे. ती म्हणाली, चला गं. कोणी हललं नाही. ठकूबाईनं हातातला हात भागरतेच्या छातीवर ठेवला, तेव्हा बयनाला कळलं.

आणि ऐका. त्याच वेळी इकडं पान थांबलं.

थांबलं जी. खालच्या पोरांनी धरून ठेवलं होतं पाणी. लटारूनं दाराला हात लावला, आणि दार उघडलं. तेल लावून ठेवलं होतं ना इतकी वर्षं, आवाजसुद्धा झाला नाही. पुरुषांनी आरोळी ठोकली, उघडलं, उघडलं. नागडे, ओले, पाठी सोललेले, नाचायला लागले म्हणे. लटारू खडकावरून धावत सुटला बायकांना परत बोलवायला. आणा तिला, उघडलं दार, आणा. हसत होता. चौथऱ्यापाशी पोचेपर्यंत हसत होता.

पेठेत जायचं उरलं नव्हतं. घाटावर न्यायचं होतं. लटारू पुढं झाला आणि खाली बसून डोंग्याच्या काठाखाली त्यानं खांदा लावला. आता शपथ त्याला आठवली नाही. किंवा आठवली असेल, आणि जाळी रिकामी राहिली तर राहोत असं वाटलं असेल. कोणाला ठाऊक. बयनानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला बाजूला सारलं.

"जितीले खांदा नाही देल्ला तुमी," ती म्हणाली. "आता मेलीले देऊ नका."

आठ जणींनी डोंगा पुन्हा डोक्यावर घेतला आणि तशीच तिला घाटावर नेली, पोटातल्या लेकरासकट. पुरुष मागून गेले. चिता बायकांनी रचली. परत येताना त्यांनी आपापल्या चुंबळी या कोनाड्यात ठेवल्या. राखणदाराचा कंदील ठेवायचा कोनाडा होता हा. लटारू त्यानंतर कोणाशी बोलला नाही. वरचं दार त्यानं पुन्हा लावलं नाही. कोणी म्हणतं तो नदीत गेला, कोणी म्हणतं म्हातारा होऊन खाटेवर गेला. आमच्या घरात सांगतात की तो खूप जगला, आणि रोज सकाळी पळसाचं पान आणून हौदात टाकायचा आणि ते थांबेपर्यंत बसायचा. मला तेच खरं वाटतं. दार पुढं कुजून गेलं.

जाळी? जाळी कधी रिकामी राहिली नाहीत. शपथ कोणी मोडलीच नव्हती ना. त्या वर्षी तर म्हणे मासा कधी नव्हे एवढा लागला. कोणाला खाववला नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्यानं रंगवून सांगितलं. म्हणा बापडे. सरकारी कागदांत हौदाची लांबी-रुंदी असेल, भागरता नसेल. पण आजही डोंगेघाटात बाई गेली की पुरुष खांदा देत नाहीत. नवरा नाही, बाप नाही, मुलगा नाही. गेलेल्या बाईच्याच लुगड्याच्या आठ चुंबळी करतात आणि आठ बायका तिची तिरडी डोक्यावर घेतात. या खडकावरून नेतात, त्या चौथऱ्यावर टेकवतात, आणि तिथं एकीनं म्हणायचं असतं, चला गं. मग उचलतात. आम्ही पुरुष खांद्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतो आणि मागून चालतो. बाहेरगावचे पाहुणे आले की धावतात खांदा द्यायला, त्यांना धरून मागं आणावं लागतं. घाटावरून परत येताना चुंबळी इथं ठेवतात. कोणी काढत नाही. कुजून जातील तेव्हा जातील.

त्या वरच्या, खालच्यांपेक्षा जरा नव्या दिसतात ना, हिरव्या, बारीक पांढऱ्या ठिपक्यांच्या? ते लुगडं मी घेतलं होतं, ब्रह्मपुरीच्या बाजारातून. माझी बायको सुभद्रा. मागच्या चैत्रात गेली. दोन दिवस पोट दुखतं म्हणत होती. मी म्हटलं, उद्यापर्यंत थांबेल, उद्या बरं नाही वाटलं तर नेऊ दवाखान्यात. मोटारसायकल दारात उभी होती जी.

मी मागून चाललो. दुपट्टा हातात होता.